पदक, पाटी आणि मेसचं बिल

वाचकांचे प्रश्न, काकूंची उत्तरं

माझी सगळी नोकरी नागपुरातल्या एका तंत्रशिक्षण संस्थेच्या लेखा विभागात झाली. शिष्यवृत्तीची खिडकी बरीच वर्षं माझ्याकडे होती. म्हणून संपादकांनी या महिन्यातली शिक्षण आणि देणगीची सगळी पत्रं माझ्याकडे ढकलली. नावं छापत नाही, गावं छापते.

माझे यजमान विद्युत अभियंता होते. ते गेल्या वर्षी वारले. त्यांच्या नावाने १५ लाख रुपये अभियांत्रिकी शिक्षणासाठी द्यायचे आहेत. मुलगा म्हणतो पदक ठेवू, दीर म्हणतात घरचाच ट्रस्ट काढू. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरं काही सुचतही नाही. (त्रिमूर्तीनगर)

ताई, मुलाचं आधी घेते. पदक पहिल्या येणाऱ्याला मिळतं आणि पहिल्या येणाऱ्याचं तुमच्या पदकावाचून सहसा काही अडत नाही. दीक्षान्त समारंभात एकाच मुलीच्या गळ्यात पाच-सात पदकं तुम्हीही पाहिली असतील. सोन्याच्या आजच्या भावात तर पदकाला मुलामाच द्यावा लागेल. वर्षातून एकदा नाव पुकारलं जाईल, टाळ्या होतील. तेवढंच हवं असेल तर १५ लाख कशाला?

आता दिरांचं. सार्वजनिक न्यास काढायचा म्हणजे १९५०च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षी लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की बदल अर्ज, आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी आणि ठरावीक वर्षांनी तिचं नूतनीकरण. हे करणारे लोक आहेत आणि चांगलं करतात. पण १५ लाखांसाठी हा संसार मांडला तर व्याजाचा मोठा घास सीएची फी आणि फायलीच खातील. शिवाय घरचे विश्वस्त म्हणजे आज दीर, उद्या पुतणे, परवा पुतण्यांचं न पटणं. बदल अर्जावर एक सही मिळेना म्हणून वर्षानुवर्षं एकही रुपया न वाटलेले ट्रस्ट मी पाहिले आहेत. पैसा बँकेत सुखरूप होता, हे मात्र खरं.

तिसरी वाट अशी. आधीच नोंदलेल्या, हिशेब दाखवणाऱ्या संस्थेला ही रक्कम कायम निधी म्हणून द्या. संस्थेचे लोक त्याला कॉर्पस म्हणतात. मुद्दल मोडायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. तसं लेखी कळवा, नाहीतर रक्कम साधी देणगी धरली जाते आणि रंगरंगोटीत खपते. ७ टक्के व्याज धरलं तर वर्षाला १,०५,००० रुपये होतात. धर्मादाय संस्थेला उत्पन्नातले ८५ टक्के खर्च करावे लागतात, १५ टक्के बाजूला ठेवता येतात. ते १५,७५० रुपये दरवर्षी मुद्दलात घालायला सांगा, म्हणजे महागाईपुढे निधी अगदीच उघडा पडणार नाही. उरले ८९,२५०.

एवढ्याचं काय होतं? मेसचे महिन्याला ३,००० धरा, वर्षाचे दहा महिने. तीन मुलींचे ९०,००० झाले. साडेसातशे कमी पडतात, ते तुम्ही घाला.

मेस मी मुद्दाम म्हणते. राज्य सरकारने २०२४-२५पासून ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. उत्तम झालं. पण खोलीचं डिपॉझिट, जेवण, लॅपटॉप, वर्कशॉपचा बॉयलर सूट, भिवापूरहून येण्याजाण्याचा खर्च हे त्यात नाही. ज्यांना शिष्यवृत्ती मंजूर असते त्यांचेही पैसे खात्यात पडायला वेळ लागतो. खर्च ऑगस्टमध्ये आणि जमा मार्चमध्ये, हे मी खिडकीतून दरवर्षी पाहिलं. मार्चमध्ये आलेल्या पैशाने ऑगस्टची भूक भागत नाही. मुली कॉलेज सोडतात तेव्हा कारण फी असं लिहितात. नीट विचारलं की खोलीभाडं निघतं.

म्हणून संस्थेत जाल तेव्हा प्राचार्यांच्या आधी शिष्यवृत्तीच्या क्लार्कला भेटा. पोरं कुठे अडतात हे त्याला तोंडपाठ असतं.

अटींबद्दल दोन शब्द, कारण देणगीदार हमखास इथे हौस करतात. अमुक जातीची, तमुक गावची, विद्युत शाखेची, ८५ टक्क्यांच्या वरची. अशी मुलगी तीन वर्षांत एकदा सापडते. आपल्या गावचंच उदाहरण बघा. कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३०मध्ये नागपूर विद्यापीठाला सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. हेतू काय, तर उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्र शिकवणं. बस्स. त्यातून १९४२मध्ये अमरावती रोडवर एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था, उभी राहिली. म्हणजे मध्ये बारा वर्षं गेली, पण पैसा हेतूला चिकटून राहिला. पुढे तिथे तेलाचं, रंगांचं, अन्नाचं, पेट्रोकेमिकलचं तंत्रज्ञान शिकवलं गेलं. १९३०मध्ये पेट्रोकेमिकल कोण म्हणत होतं? उद्देश रुंद होता म्हणून ते मावलं. २०२३मध्ये त्या संस्थेचं स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि नावात लक्ष्मीनारायण अजून आहेत.

उलट बाजूही आहे. कोलकात्याचे बॅरिस्टर तारकनाथ पालित यांनी कलकत्ता विद्यापीठाला मोठी देणगी देऊन विज्ञानाची प्राध्यापकपदं निर्माण केली. प्राध्यापक भारतीयच हवा, ही अट छान. पण त्याने परदेशात प्रशिक्षण घेतलेलं हवं, अशीही अट होती. भौतिकशास्त्राच्या पदासाठी कुलगुरू आशुतोष मुखर्जींच्या मनात होते सी. व्ही. रामन. ते सरकारच्या हिशेब खात्यात नोकरीला होते आणि १९१०च्या सुमारास आपल्या नागपुरातही त्यांची बदली झाली होती. रामन म्हणाले, परदेशी जाणार नाही. मुखर्जींनी अट सैल करून घेतली. १९१७मध्ये रामन चांगल्या पगाराची सरकारी नोकरी सोडून कमी पगारावर तिथे रुजू झाले आणि १९२८चा शोध त्या पदावर असताना लागला. मुखर्जींसारखा माणूस खुर्चीत नसता तर देणगीदाराच्या एका ओळीने रामन बाहेर राहिले असते. गांधीसागरजवळच्या रामन विज्ञान केंद्रात नातवंडांना न्याल तेव्हा ही गोष्ट सांगा. (हिशेब खात्यातला माणूस होता, हे मी जरा जास्तच कौतुकाने सांगते.)

तर तुमच्या पत्रात एवढंच लिहा: "ही रक्कम कायम निधी म्हणून दिली आहे. मुद्दल मोडू नये. व्याजातून अभियांत्रिकीच्या गरजू विद्यार्थिनींचा जेवण, निवास, प्रवास व साहित्य यांचा खर्च भागवावा, पहिल्या दोन वर्षांच्या मुलींना प्राधान्य द्यावे. ही गरज उरली नाही तर संस्थेने अभियांत्रिकी शिक्षणातल्या दुसऱ्या गरजेसाठी व्याज वापरावे." शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं आणि हेतू कालबाह्य झाला, तर तो बदलण्यासाठी कायद्याची लांब वाट धरावी लागते. दरवर्षी जूनमध्ये हिशेबाचं एक पान मागण्याचा हक्कही लिहून घ्या. यजमानांचं नाव निधीला द्याच, त्यात संकोच कसला.

मी काटोलची, कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला नागपुरात प्रवेश घेतला आहे. बाबांची संत्र्याची बाग आहे. सरकारीशिवाय कुठे अर्ज करू? अर्जात काय लिहावं ते कळत नाही. (काटोल)

बाळा, सरकारी आधी पूर्ण कर. महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरचा अर्ज, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं, या तिन्हींत काही राहिलं की पुढचं सगळं अडतं. एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती मुलींसाठीच आहे: वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत. ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायची.

धर्मादायात इन्फोसिस फाउंडेशनची स्टेम स्टार्स ही विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलींसाठी आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. ती पहिल्या वर्षालाच मागायची असते, म्हणून आळस नको. फाउंडेशन फॉर एक्सलन्स गरजू आणि हुशार इंजिनीअरिंग विद्यार्थ्यांना मदत करतं. पुण्याचं लीला पूनावाला फाउंडेशन मुलींना शिष्यवृत्ती देतं आणि विदर्भातही काम करतं. तुझा जिल्हा आणि कॉलेज यंदा बसतं का ते त्यांनाच विचार. अर्ज करायला पैसे मागणारा कुणी भेटला तर फोन ठेवून दे.

आता लिहायचं काय. "माझे वडील शेतकरी आहेत, खूप कष्ट करतात" हे वाक्य निवड समितीने त्या सकाळीच चाळीसदा वाचलेलं असतं. तू लिही: किती एकर बाग, आंबिया बहार किती गळला, व्यापाऱ्याने काय भाव दिला, त्यातून फवारणी आणि मजुरी जाऊन घरात किती आलं. खाली वर्षाचा खर्च मांड: खोली, मेस, बस, लॅपटॉपचा हप्ता. त्यातलं घरून किती येतं, सरकारकडून किती आणि कमी किती पडतं. ही कमी पडणारी रक्कम ज्या अर्जात स्पष्ट असते तो अर्ज समितीला हाताळायला सोपा जातो. दोन ठिकाणची मदत मिळाली तर दोघांनाही लिहून कळव. लपवलेलं नंतर निघतं आणि मग दोन्ही जातात.

हिंगणा एमआयडीसीत माझा २२ माणसांचा मशीनिंगचा कारखाना आहे, प्रोप्रायटरशिप. सगळे सीएसआर करतात, मलाही काही करायचं आहे. एक जुनं लेथ मशीन पॉलिटेक्निकला देऊ का? (हिंगणा रोड)

भाऊ, सीएसआर, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा खर्च, तुम्हाला लागू नाही. ते कलम कंपन्यांसाठी आहे आणि त्यातही मोठ्यांसाठी: निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतलं एक तरी ओलांडलं तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के. तुम्ही मनाने करताय, ते बरंच.

लेथ देण्याआधी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये एकदा उभे राहून या. तिथे तीन लेथ आधीच असतील आणि चालू एखादंच असेल. बाकीची का बंद, हे इन्स्ट्रक्टरला विचारा. चक गेला, मोटर जळाली, टूल बिट संपले, रॉड आणायला पैसे नाहीत, असं काहीतरी निघेल. चौथं मशीन देण्यापेक्षा त्या दोन चालू करून द्या आणि वर्षभराचं मटेरियल पुरवा. फोटो चांगला येणार नाही. पोरांचे हात मात्र मशीनवर पडतील.

दुसरं, तुमचा सगळ्यात मुरलेला टर्नर महिन्यातले दोन शनिवार तिथे पाठवा आणि त्याची त्या दिवसांची मजुरी तुम्ही भरा. तिसऱ्या वर्षातली पोरं ड्रॉइंग वाचतात, पण जॉबवर टॉलरन्स कसा राखायचा ते पुस्तकात पाहिलेलं असतं. आणि तुमच्याकडे शिकाऊ उमेदवार घ्या. ३० किंवा जास्त माणसं असली तर ते सक्तीचं आहे, २२ला ऐच्छिक. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजनेत नोंदलात तर विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. याला मी दानधर्म म्हणणार नाही, कारण फायदा तुमचाही आहे. पण पोराला शिकायला मिळतं, आणि झाडून काढायला ठेवलं नाही तर जास्तच मिळतं.

आमच्या गणेश मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात वर्गणी जास्त जमली. सगळं होऊन २ लाख ४० हजार शिल्लक आहेत. तरुण मुलं म्हणतात विज्ञान शिक्षणाला देऊ, ज्येष्ठ म्हणतात उत्सवाचा पैसा उत्सवालाच. (महाल)

शिल्लक पैशाची एक जुनी गोष्ट सांगते. १८५१मध्ये लंडनच्या हाइड पार्कात मोठं प्रदर्शन भरलं. सुमारे ६० लाख लोक आले आणि सगळा खर्च जाऊन १,८६,००० पौंड उरले. आयोजकांनी ते वाटून टाकले नाहीत, पुढच्या वर्षीच्या रोषणाईलाही ठेवले नाहीत. साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली, तिथे पुढे संग्रहालयं आणि इम्पीरियल कॉलेज झालं. १८९१पासून त्या निधीतून विज्ञानाच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. न्यूझीलंडचा अर्नेस्ट रदरफोर्ड त्याच पैशावर केंब्रिजला गेला, आणि केंब्रिजमध्ये असताना आपल्या होमी भाभांनाही तीच मिळाली. आयोजकांचा तो आयोग आजही शिष्यवृत्त्या देतो. तेव्हा उत्सवाचा पैसा विज्ञानाला देणारे तुम्ही पहिले नाही, एवढं ज्येष्ठांना सांगा.

पण ज्येष्ठांच्या म्हणण्यात कायद्याचा एक मुद्दा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. मंडळ नोंदणीकृत नसेल तर वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाची ४१-सी खालची तात्पुरती परवानगी घेतली असेल. त्याचा हिशेब सादर करावा लागतो. लोकांनी गणपतीसाठी दिलेला पैसा परस्पर वळवू नका. धर्मादाय कार्यालयात विचारून, सभेत ठराव करून, मग द्या. पुढच्या वर्षीपासून पावतीवरच "शिलकीचा विनियोग विज्ञान शिक्षणासाठी" असं छापा, म्हणजे वादच नको.

द्यायचं कुठे? दुर्बीण नको. सगळ्या मंडळांना दुर्बीणच सुचते, आणि नागपूरच्या आकाशात पावसाळाभर ढग, एरवी शहराचा उजेड. महालातल्याच दोन-तीन शाळांच्या प्रयोगशाळा बघा. फुटलेल्या बुरेट, संपलेली रसायनं, सेल नसलेले मल्टिमीटर. यादी करा, सामान स्वतः इतवारीतून घ्या आणि शाळेच्या स्टॉक रजिस्टरला नोंद करून या. वर्षाला ६०,००० खर्च केले तर चार वर्षं पुरतील.

मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय. नमुने तपासायला बाहेर पाठवावे लागतात, ते पैसे खिशातून जातात. संशोधनाला देणग्या का मिळत नाहीत? (भरतनगर)

कारण संशोधनावर पाटी लावता येत नाही. इमारतीला देणारे दहा, एक्सआरडीसारख्या नमुना-तपासणीच्या बिलाला देणारा एकही नाही. मोठ्या पातळीवर सरकारलाही देणग्यांचीच आशा आहे: २०२३च्या कायद्याने जी अनुसंधान राष्ट्रीय संशोधन संस्था झाली, तिच्या पाच वर्षांच्या ५०,००० कोटींच्या आराखड्यात ३६,००० कोटी उद्योग आणि दात्यांकडून यावेत असं धरलं होतं. तुझ्या नमुन्यापर्यंत ते कधी झिरपेल याच्या भरवशावर राहू नकोस. विभागाच्या माजी विद्यार्थ्यांना गाठ. तुमच्या शाखेचे लोक बुटीबोरीत, हैदराबादेत, गुजरातेत कारखान्यांत आहेत. "संशोधनाला मदत करा" असं म्हणू नकोस. "सहा नमुन्यांचं एनएमआर, दर असा, एकूण इतके, कोटेशन सोबत" असं म्हण. पैसे तुझ्या खात्यात घेऊ नकोस, विभागाच्या निधीत येऊ दे. तुझ्यामागून येणाऱ्यालाही दार उघडं राहील.

मुलाला जर्मनीत एम.एस. करायचं आहे. कर्जाऊ शिष्यवृत्ती घेणं कमीपणाचं वाटतं. (नंदनवन)

कमीपणा कसला? जमशेटजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल १८७७मध्ये इथे नागपुरात सुरू केली आणि १८९२मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी जे. एन. टाटा एंडाउमेंट काढलं. ते पहिल्यापासून कर्जरूपानेच मदत देतं. एकाने फेडलं की तो पैसा दुसऱ्याला. राजा रामण्णा आणि जयंत नारळीकर त्याच वाटेने गेले. अर्ज साधारण वर्षाच्या सुरुवातीला निघतात. व्याज, हप्ते, जामीन यांच्या अटी आधी वाचा आणि बँकेच्या कर्जाशी कागदावर ताडून बघा.

देणगीवर करसवलत हमखास मिळते का? (सक्करदरा)

नाही. नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०-जी कलमाखालची देणगीची वजावट नाही. जुनीत असाल तर संस्थेची नोंदणी चालू आहे का ते बघा. २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नका, चेक किंवा ऑनलाइन द्या. नुसत्या पावतीवर भागत नाही, संस्थेने आयकर खात्याकडे विवरण भरून काढलेलं देणगी प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी तुमचा पॅन त्यांना द्यावा लागतो. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा लागू झाल्यावर कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा कागदावर ८०-जी दिसलं नाही म्हणून भांडायला जाऊ नका. आधी सीएला फोन करा.